संग्रहालय वाचनालयासारखं का असू नये?

(धुळे येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय पत्रिकेवर छापला आहे तो असा : 'कलासंग्रहालये, नवोपक्रम आणि लोकसेवा'. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला एक खोड असते. विषय समोर आला की तो आधी शब्द तपासतो. धान्य घ्यायला गेलेला माणूस मूठभर दाणे हातावर घेऊन फुंकर मारतो ना, तसं. तेव्हा आधी शब्दच बघू.

आपल्याकडे या गोष्टीला जुना शब्द होता 'अजबखाना'. नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय १८६३ मधलं, त्याला नागपूरकर अजूनही 'अजब बंगला' म्हणतात. हा शब्द आपण अडाणी ठरवला. पण त्याच्यात एक चांगली गोष्ट होती. 'अजब' वाटायला कुणीतरी माणूस लागतो. वस्तूला काही स्वतःबद्दल अजब वाटत नाही. म्हणजे त्या शब्दात बघणारा होता. मग आपण शुद्ध शब्द केला 'संग्रहालय'. संग्रहाचं आलय. यात वस्तू आहेत, इमारत आहे, पण माणूस कुठे आहे? बाहेर गेला.

आता दुसरी जोडी बघा. 'ग्रंथालय' आणि 'वाचनालय'. कागदोपत्री आपण ग्रंथालय म्हणतो. पण गावात कुणी विचारलं, कुठे निघालात, तर माणूस सांगतो, वाचनालयात. ग्रंथालय म्हणजे पुस्तकांचं घर. वाचनालय म्हणजे वाचण्याचं घर. त्यात क्रिया आहे, आणि क्रिया आली की कर्ता येतो. संग्रहालयाला असा दुसरा शब्द मराठीत नाही. बघण्याच्या घराला आपल्याकडे नावच नाही. मी काही आज नवा शब्द पाडणार नाही, पाडलेले शब्द बहुधा पडूनच राहतात. (हशा) पण हा नुसता शब्दांचा खेळ नाही. आपल्या संग्रहालयांचं जे दुखणं आहे ते या कमतरतेत दिसतं, आणि त्यावरचा उपायही मला तिथेच दिसतो. माझं आजचं म्हणणं एका वाक्यात सांगतो : संग्रहालयाने वाचनालयासारखं व्हावं. पुढचा सगळा वेळ मी हे वाक्य तपासणार आहे.

आपल्याकडे काय आहे

खानदेशात संग्रह नाहीत असं कुणी म्हणू नये. १९२६ सालच्या ३१ डिसेंबरला इतिहासाचार्य राजवाडे याच धुळ्यात गेले. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढणारा हा माणूस. दप्तरं शोधत गावोगाव हिंडला. त्याच्या मागे धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं. तिथे कागद आहेत, नाणी आहेत, शिल्पं आहेत. शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं मठामठांतून जमवली, ती समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. अमळनेरला श्रीमंत प्रतापशेठजींनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं. चाळीसगावला रेल्वे स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर आहे, तेच त्यांचं कलादालन. आणि जळगावला जैन हिल्सवर २०१२ पासून गांधीतीर्थ आहे, ते अगदी आजच्या पद्धतीचं, कानाला यंत्र लावून ऐकत जायचं.

ही यादी मी अभिमानासाठी वाचली नाही. एक गोष्ट लक्षात यावी म्हणून वाचली. यातलं जवळपास काहीही सरकारने आपण होऊन उभं केलेलं नाही. कुणी एक वेडा माणूस होता, आणि त्याच्या मागे गाव किंवा एखादा दाता उभा राहिला. त्यामुळे 'लोकसेवेसाठी संग्रहालय' ही कल्पना इथे बाहेरून आणायची गरज नाही. मूळ इथेच आहे. प्रश्न एवढाच की वेडा माणूस गेल्यावर आणि दात्याची पिढी बदलल्यावर पुढे काय?

हा प्रश्न घाईचा का आहे, तेही सांगतो. जुने वाडे पडताहेत. वाडा पडला की कोरीव खांब, तुळया, दरवाजे व्यापारी ट्रकमध्ये घालून नेतो. तांब्या-पितळेची भांडी मोडीत जातात, वजनावर. मोडी कागदांचे रुमाल रद्दीत जातात, त्याचंही वजनच होतं. आणि वस्तूंपेक्षा लवकर जातं ते वस्तूंविषयीचं ज्ञान. मोटेच्या प्रत्येक भागाचं नाव सांगणारी म्हातारी माणसं आज ८० च्या पुढची आहेत. ती आणखी किती वर्षं? वस्तू कदाचित राहील. पण ती काय आहे हे सांगणारा राहणार नाही. नाव नसलेली वस्तू संग्रहालयात असली काय आणि भंगारात असली काय, फरक फार थोडा.

नवोपक्रम म्हणजे नक्की काय

आता दुसरा शब्द, नवोपक्रम. हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? नवी इमारत, काचेचा दर्शनी भाग, टचस्क्रीन, अंधाऱ्या खोलीत प्रोजेक्टर, आणि उद्घाटनाची फीत. यातलं काहीच वाईट नाही. पण यातल्या प्रत्येक गोष्टीला एक जोडीदार असतो, त्याला आपण निमंत्रण देत नाही. तो म्हणजे दरमहाचं बिल.

जवळचं उदाहरण घ्या. अजिंठा. जळगावच्या स्टेशनवर उतरून जगभरची माणसं तिथे जातात. लेण्यांतली गर्दी कमी व्हावी, श्वासाने आणि घामाने चित्रांचं होणारं नुकसान टळावं, म्हणून पायथ्याशी एक मोठं अभ्यागत केंद्र बांधलं गेलं. जपानकडून घेतलेलं कर्ज होतं. १, २, १६ आणि १७ क्रमांकांच्या लेण्यांच्या प्रतिकृती आत उभ्या केल्या. कल्पना उत्तम. मूळ लेणं वाचवायचं असेल तर प्रतिकृती दाखवा, हा विचार जगात मान्य झालेला आहे. पण पुढे काय झालं? विजेची आणि पाण्याची थकबाकी साचली आणि केंद्राला टाळं लागलं. बांधायला पैसा होता, चालवायला नव्हता.

मी इथे कुणा अधिकाऱ्याला दोष देत नाही. दोष विचारात आहे. आपण भांडवली खर्चाला विकास म्हणतो आणि चालू खर्चाला ओझं म्हणतो. घरात असं कुणी वागत नाही. गाय आणायची तर चाऱ्याचा हिशेब आधी होतो. संग्रहालयाच्या बाबतीत मात्र गाय वाजतगाजत येते आणि चारा कुणी घालायचा हे दुसऱ्या दिवशी विचारतात.

आकडे मांडून बघू. समजा, एखाद्या गावाला संग्रहालयासाठी २ कोटी रुपये मिळाले. नेहमीची रीत म्हणजे दोन्ही कोटी इमारतीत घालायचे. त्याऐवजी १ कोटी इमारतीला आणि १ कोटी कायम ठेवीला लावले तर? ७ टक्क्यांनी वर्षाला ७ लाख येतात. महागाईसाठी त्यातले २ लाख पुन्हा ठेवीत टाका. राहिले ५ लाख, म्हणजे महिन्याला साधारण ४१-४२ हजार. यात एक जाणता माणूस, एक राखणदार, आणि काटकसरीने वापरलेली वीज एवढं कसंबसं बसतं. ऐषआराम नाही. पण दार रोज उघडतं. आणि संग्रहालयाच्या बाबतीत सगळ्यात मोठा नवोपक्रम कोणता असं मला विचाराल, तर मी म्हणेन, रोज ठरलेल्या वेळेला दार उघडणं.

हसू नका. मी एका गावचं संग्रहालय बघायला तीनदा गेलो आहे, गावाचं नाव सांगत नाही. तिन्ही वेळा कुलूप. किल्ली एका सद्गृहस्थांकडे असते, ते बाहेरगावी असतात. आत काय आहे याची छापील पुस्तिका मात्र माझ्याकडे आहे, ती सुंदर आहे.

'टिकाऊ' या शब्दाची दुसरी बाजू हवामानाची. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४ च्या वर जातो. म्हणून संग्रहालय म्हटलं की एसी आलाच, असं आपण धरतो. पण कागदाला आणि रंगाला नुसत्या उष्म्यापेक्षा चढउताराने जास्त इजा होते. दिवसा एसी, रात्री बंद. चार दिवस चालू, मग भारनियमन. हा लपंडाव एसी नसण्यापेक्षाही वाईट ठरू शकतो. आपल्या वाड्यांच्या जाड भिंती, चौक, उंच छत, पोथ्यांना बांधलेली कापडी बासनं, या गोष्टी अडाणीपणाच्या नव्हत्या. तापमान हळू बदलावं, ऊन थेट पडू नये, धूळ बसू नये, हे त्यातून साधत होतं. नव्या शास्त्राने त्यावर भर घालावी. पण सुरुवात जाड भिंतीपासून व्हावी, कॉम्प्रेसरपासून नको.

मुंबईकडून काय घ्यावं

कुणी म्हणेल, मुंबईत झालं की. झालं, आणि चांगलं झालं. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलं. पुढे ते पार विस्कटलं होतं. २००३ मध्ये महानगरपालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी एकत्र येऊन काम हाती घेतलं आणि २००८ मध्ये ते पुन्हा उघडलं. आज तिथे जुन्या वस्तूंच्या शेजारी आजचे चित्रकार आपलं काम मांडतात. जुनं आणि नवं एकमेकांकडे बघतात, भांडतात. हे मला आवडतं.

पण त्याची नक्कल धुळ्यात करता येईल का? महानगरपालिका मुंबईची आणि महानगरपालिका धुळ्याची, नाव एकच, ऐपत वेगळी. तिथून घ्यायची ती रचना नव्हे, तत्त्व घ्यायचं. मालकी लोकांच्या संस्थेकडे राहिली, पैसा दात्याकडून आला, आणि काय ठेवायचं, कसं ठेवायचं हे जाणकाराने ठरवलं. तिघांनी आपापली पायरी ओळखली. आपल्याकडे बहुतेक वेळा देणारा हाच जाणकार होऊन बसतो आणि आजोबांची तसबीर पहिल्या दालनात येते.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये 'म्युझियम ऑन व्हील्स' सुरू केलं. बस घेतली, आत छोटं प्रदर्शन मांडलं, आणि ती शाळांच्या दारात नेली. माणूस संग्रहालयाकडे येत नसेल तर संग्रहालयाने माणसाकडे जावं, हा सरळ विचार. यावर माझी टीका एवढीच की बस येते आणि जाते. मुलाला आज काहीतरी दिसलं, उद्या पुन्हा बघावंसं वाटलं तर? बघण्याची सवय एका भेटीत लागत नाही. वाचनाची तरी लागते का? त्याला आठवड्याला एक पुस्तक बदलावं लागतं.

बघायला शिकणं

इथे मी चाळीसगावला येतो, कारण आपल्या भागातलं खरं कलासंग्रहालय ते आहे. केकी मूस १९१२ चे, १९८९ ला गेले. मुंबईचा पारशी माणूस, इंग्लंडमध्ये शिकून आला आणि चाळीसगावच्या एका घरात स्वतःला जवळजवळ कोंडून घेऊन काम करत राहिला. चित्रं काढली, शिल्पं केली. पण त्यांचं नाव झालं ते टेबलटॉप छायाचित्रणासाठी. म्हणजे काय, तर टेबलावर साध्यासुध्या वस्तूंचा एक देखावा मांडायचा, प्रकाश असा टाकायचा आणि कॅमेरा अशा कोनात लावायचा की फोटोत ते अख्खं निसर्गदृश्य वाटावं. संगणकाचा पत्ता नव्हता तेव्हाची ही गोष्ट.

त्या घरात जाऊन आलेल्या माणसाला विचारा, काय पाहिलंत? दहापैकी आठ जण प्रेयसीची गोष्ट सांगतात. ती रेल्वेने येणार होती, आली नाही, हे रोज त्या गाडीची वाट बघत राहिले. आख्यायिका गोड आहे आणि ती सांगायला माझी हरकत नाही. पण ती गोष्ट चित्राच्या आड उभी राहते. माणूस हळहळतो, उसासा टाकतो आणि समोरचा फोटो न बघता पुढच्या खोलीत जातो. एवढ्या मोठ्या कलावंताच्या वाट्याला आपण हळहळ दिली, नजर दिली नाही.

सौंदर्यशास्त्र इथे उपयोगी पडतं. खानदेशात जन्मलेले मर्ढेकर काय सांगत होते? कलाकृतीत संवेदना एकमेकींशी संवाद, विरोध आणि समतोल या नात्यांनी बांधलेल्या असतात, त्यातून लय येते. सिद्धान्त पूर्ण पटो न पटो, मला स्वतःला तो सगळा पटत नाही, पण शाळेतल्या मुलाला फोटोपुढे उभं करून विचारायला तो फार छान आहे. 'बाळा, यात काळं कुठे आहे, पांढरं कुठे आहे, कोण कुणाला विरोध करतंय? हा ढीग खरंच डोंगर आहे का? मग डोंगर का वाटला?' पाच मिनिटं त्या पोराला एका चित्रापुढे थांबवा. जो फसवा फोटो कसा फसवतो हे उलगडून बघायला शिकला, तो आजच्या मोबाइलवरच्या फसव्या चित्रांनाही सहज फसणार नाही. संग्रहालयाची लोकसेवा असते ती ही. आजच्या घडीला ती चैनीची नाही, गरजेची आहे.

एका चित्राची ताकद किती असते ते लंडनने दाखवलं आहे. दुसऱ्या महायुद्धात नॅशनल गॅलरीची चित्रं बॉम्बच्या भीतीने वेल्समधल्या एका दगडखाणीत हलवली होती. भिंती रिकाम्या. १९४२ मध्ये त्यांनी ठरवलं, दर महिन्याला एकच चित्र आणून लावायचं. एकच! लोक त्या एका चित्रासाठी येऊ लागले. भरल्या गॅलरीत जे चित्र ओलांडून गेले असते, त्याच्यापुढे थांबू लागले. हा उपक्रम गरिबीतून, संकटातून आला. म्हणून तो आपल्या कामाचा आहे. २० दालनं नकोत. महिन्याला एक वस्तू, तिच्यापुढे एक बाक, आणि दर रविवारी तिच्याबद्दल बोलणारा एक माणूस. याला खर्च किती येतो सांगा.

वाचनालयाचं शहाणपण

आता मूळ म्हणण्याकडे येतो. जळगावचं व. वा. वाचनालय १८७७ चं. आपल्या धुळ्याचं गरुड वाचनालय आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. या संस्था कशाच्या जोरावर टिकल्या? चार गोष्टी मला दिसतात.

पहिली, सभासद. वाचनालयाला प्रेक्षक नसतात, सभासद असतात. महिन्याची वर्गणी थोडी असते, पण ती देणारा माणूस 'आमचं वाचनालय' म्हणतो आणि वार्षिक सभेत उठून भांडतो. संग्रहालयाला तिकीट असतं. तिकीट काढणारा माणूस एकदा येतो आणि सुटतो.

दुसरी, देवघेव. वस्तू घरी जाते आणि परत येते. तुम्ही म्हणाल, मूर्ती काय घरी न्यायची? अमेरिकेत नेवार्क नावाचं गाव आहे. तिथे जॉन कॉटन डाना हे ग्रंथपाल होते. ग्रंथपाल, बरं का! त्यांनी १९०९ मध्ये वाचनालयाच्याच इमारतीत संग्रहालय सुरू केलं आणि पुस्तकं देतो तशा वस्तू शाळांना द्यायला लागले. मूळ मौल्यवान वस्तू अर्थातच द्यायची नाही. पण ज्याच्या २० प्रती आहेत असं मातीचं भांडं, नाण्याचा ठसा, चित्राची चांगली छापील प्रत, मोडी पत्राची नक्कल, असं सगळं एका लाकडी पेटीत घालून साक्रीच्या, शिरपूरच्या शाळेत महिनाभर राहू शकतं.

नक्कल म्हटल्यावर नाक मुरडणाऱ्यांना अजिंठ्याची आठवण देतो. रॉबर्ट गिलने १८४४ पासून वर्षानुवर्षं तिथे बसून नकला केल्या, त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनला आगीत गेल्या. मग १८७२ पासून ग्रिफिथ्सने जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या, त्यांतल्याही काही जळाल्या. पण ज्या वाचल्या, त्यांत आज भिंतीवरून गेलेलं काहीबाही शिल्लक आहे. मूळ झिजलं आणि नक्कल साक्षीला राहिली. तेव्हा नक्कल म्हणजे खोटं नव्हे; कधीकधी तो विमा असतो.

तिसरी गोष्ट, वेळ. वाचनालय सकाळी आणि संध्याकाळी उघडं असतं, म्हणजे माणूस मोकळा असतो तेव्हा. संग्रहालय ११ ते ५, म्हणजे माणूस कामावर असतो तेव्हा. आणि उन्हाळ्यात तर धुळ्यात दुपारी कुत्रंही बाहेर पडत नाही. वेळ बदलायला कोणता निधी लागतो?

चौथी, कायदा. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, वर्गाप्रमाणे दरवर्षी अनुदान आहे. ते अपुरं पडतं, उशिरा येतं, सगळं खरं. पण दरवर्षी येतं आणि चालू खर्चाला येतं. गावोगावच्या लहान संग्रहालयांसाठी अशी वर्गवार, दरवर्षीची व्यवस्था नाही. केंद्राची अनुदान योजना आहे, पण ती प्रकल्पाला आहे, नूतनीकरणाला, डिजिटायझेशनला. प्रकल्प संपला की पुन्हा अंधार. ग्रंथालय कायद्याच्या धर्तीवर लहान संग्रहालयांसाठी कायदा व्हावा, ही मागणी लोकप्रतिनिधींकडे खानदेशातून जायला हवी. ती मागणी करायचा हक्क आपल्याला आहे, कारण आपण शंभर-शंभर वर्षं संस्था चालवून दाखवल्या आहेत.

कुणाची भाषा, कुणाचं ज्ञान

आणखी एक मुद्दा. संग्रहालयातल्या पाट्या वाचा. 'अंदाजे १२ वे शतक, बेसाल्ट, उंची इतके सेंमी.' हे पंडितांनी पंडितांसाठी लिहिलेलं. आपल्या भागातल्या लाखो घरांत अहिराणी बोलतात. एकदा एका प्रदर्शनात मी एका आजीबाईंना जात्यापुढे थांबलेलं बघितलं. त्या नातवाला म्हणाल्या, "हाई तं आमना घरमा बी शे!" आणि पुढची दहा मिनिटं त्यांनी खुंटा कसा धरायचा, दाणे किती घालायचे, पीठ जाड आलं तर काय करायचं, सगळं सांगितलं. शेजारी पाटी होती, तिच्यावर फक्त 'दगडी जाते' एवढं लिहिलं होतं. त्या दालनात जाणकार कोण होतं? आजी. आणि त्यांचं सांगणं कुणी लिहून घेतलं नाही.

जॉन ड्युई यांनी १९३४ मध्ये कलेवर पुस्तक लिहिलं, त्यात त्यांची तक्रार हीच होती की संग्रहालयाने कला रोजच्या जगण्यातून उचलून बाजूला ठेवली. याच्या विरुद्ध कांटवादी म्हणतील, बाजूला ठेवल्याशिवाय निर्मळ नजरेने बघताच येत नाही. जात्याकडे पीठ म्हणून बघाल तर त्याचा आकार दिसणार नाही. दोघांचंही खरं आहे. संग्रहालयात मूर्तीपुढे एखादी बाई चप्पल काढून हात जोडते आणि शेजारी कलाशाळेचा विद्यार्थी त्याच मूर्तीच्या कमरेची वळणं चितारत असतो. त्या दोघांपैकी कुणाला बाहेर काढायचं? कुणालाच नाही. चांगलं संग्रहालय ते, जिथे ही दोघं एकमेकांशी दोन शब्द बोलतात. गुजरातेत तेजगढला गणेश देवींनी उभ्या केलेल्या आदिवासी अकादमीत 'वाचा' नावाचं संग्रहालय आहे. तिथे आदिवासी हे मांडले जाणारे नाहीत, मांडणारे आहेत. आपल्या भिल्ल आणि पावरा मुलांना हे करता येणार नाही असं मानायला काहीही आधार नाही.

दोन आक्षेप

आक्षेप पहिला : 'सर, वाचनालयं तरी कुठे चालतात? तिथे स्पर्धा परीक्षेची पोरं बसतात, पुस्तकं धूळ खातात.' यात तथ्य आहे. पण बघा, ती पोरं येतात. घरात जागा नाही, शांतता नाही, म्हणून येतात. संग्रहालयाची एक खोली अभ्यासिकेला द्या. तो मुलगा रोज त्या शिल्पावरून जाईल. वर्षभरात एकदा तरी थांबेल. धोकाही सांगतो : अभ्यासिका मोठी होत जाईल आणि एक दिवस शिल्प जिन्याखाली जाईल. म्हणून घटनेत लिहून ठेवा, अभ्यासिका किती चौरस फूट, त्याच्या पुढे एक इंच नाही.

आक्षेप दुसरा : 'वस्तू बाहेर दिल्या तर चोरीला जातील, फुटतील.' काही फुटतील. पुस्तकंही फाटतात, परत येत नाहीत. पण कुलपातली वस्तू सुरक्षित असते हा आपला भ्रम आहे. कुलपात वाळवी जाते, कसर जाते, पावसाळ्यात ओल जाते. आणि कुलपातून नाहीशी झालेली वस्तू नाहीशी झाली हेच कळायला वर्षं लागतात, कारण कुणी बघितलेलीच नसते. हजार डोळ्यांसमोर असलेली वस्तू जास्त सुरक्षित. ज्याच्यावर गावाची नजर आहे, ते हलवायची कुणाची हिंमत होत नाही.

सुरुवात कुठून

व्याख्यान संपताना वक्त्याने मोठं स्वप्न दाखवायचं असतं. मी लहान काम सांगतो. कायदा होईल तेव्हा होईल, दाता भेटेल तेव्हा भेटेल. त्याआधी एक दाखल-वही घाला. वाचनालयात पुस्तक आलं की पहिल्यांदा दाखल-वहीत चढतं, त्याला क्रमांक पडतो. तसं आपापल्या गावात, मुहल्ल्यात, घरात ज्या जुन्या वस्तू आहेत त्यांची नोंद करा. वस्तू कुणी द्यायची नाही, विकायची तर मुळीच नाही. ती जिथे आहे तिथेच राहू दे. फक्त नोंद : वस्तूचं नाव मराठीत, अहिराणीत किंवा घरात जी भाषा असेल तीत, कशाची केलेली, कुठून आली, कशी वापरत, आणि सांगणाऱ्याचं नाव, त्याची हरकत नसेल तर. मोबाइलवर एक फोटो. गावातल्या वाचनालयाने ती वही आपल्या कपाटात ठेवावी.

या कामाला इमारत लागत नाही, वीज लागत नाही, उद्घाटन लागत नाही. पाच वर्षांनी अशा पन्नास गावांच्या पन्नास वह्या जमल्या, तर खानदेशचं संग्रहालय कागदावर तयार झालेलं असेल. मग त्याला भिंती कुठे घालायच्या हे आपण ठरवू, आणि तेव्हा आपल्याला नक्की ठाऊक असेल की त्या भिंतींच्या आत काय ठेवायचं आहे आणि कुणासाठी.

सभागृहाबाहेर टेबलावर अशा कोऱ्या वह्या ठेवल्या आहेत. घरी जाताना एकेक घेऊन जा. पहिलं पान आजच्या रात्री घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून भरा. तेवढ्यासाठी उद्याची वाट बघू नका.